लक्ष्मी वॉनमध्ये अडकली

लक्ष्मीपूजनाची सगळी तयारी झाली, आणि मग उल्काच्या लक्षात आलं की घरात केरसुणी नाही.

पाट होता, लाह्या-बत्तासे होते, धने-गूळ होता, झेंडूची फुलंसुद्धा होती. केरसुणी मात्र नव्हती. कॅल्गरीत ती कुठे मिळत नाही म्हणून दरवर्षी पूर्वेकडच्या मिल्टन गावाहून प्रभामावशी कुरियरने पाठवायची. यंदाही तिने वेळेवर पाठवली होती. पण पार्सल मिल्टनहून निघालं आणि वाटेत वॉन गावाच्या एका गोदामात जे जाऊन बसलं, ते तिथलंच झालं. उल्काने सकाळपासून फोनवर कितीदा पाहिलं, उत्तर एकच: पार्सल वॉनमध्ये आहे.

"तिथं काय करून राहिली ती?" आनंदीबाईंनी विचारलं. आनंदीबाई म्हणजे उल्काच्या सासूबाई, नंदनची आई. दिवाळी करून बर्फाच्या आधी नागपूरला परत जाते म्हणाल्या होत्या, पण यंदा बर्फच दिवाळीच्या आधी आला.

"अडकलीय हो आई."

"लक्ष्मी कुठं अडकत असते का बाप्पा?"

"व्हॅक्यूम क्लीनरची पूजा केली तर?" नंदन म्हणाला. "प्रिन्सिपल तेच आहे."

सासू-सुनेचं एरवी सहसा एकमत होत नसे. या वेळी दोघींनी त्याच्याकडे एकाच नजरेनं पाहिलं.

"मग गराजमधला प्लास्टिकचा झाडू?"

"त्यानं तू परवा मेला उंदीर लोटला," आनंदीबाई म्हणाल्या. "त्याले हळदकुंकू वाहू?"

"मी आंघोळीला जातो," नंदन म्हणाला. "काय ते तुम्ही ठरवा."

नवऱ्यांनी हे वाक्य उच्चारलं की घरात काहीतरी ठरतं आणि मग ते निस्तरावं लागतं. पण नंदनला त्या वेळी घाई होती. आठ वाजता त्याला पाहुणीला मॅचला पोहोचवायचं होतं.

पाहुणीचं नाव यित्का. प्रागची. वरच्या गेस्टरूममध्ये ती मॅचच्या आधीची झोप काढत होती. प्रागमध्ये ट्रॅमची वेळापत्रकं बनवायची नोकरी करायची आणि उरलेल्या वेळात कर्लिंग खेळायचं, असं तिचं वीस वर्षं चाललं होतं. कर्लिंग म्हणजे बर्फाच्या लांब पट्टीवर एक जडशीळ गुळगुळीत दगड सरकवायचा आणि दोघांनी त्याच्या पुढे ब्रशने बर्फ घासत पळायचं, म्हणजे दगड लांब जातो. पलीकडच्या टोकाला वर्तुळं काढलेली असतात. ज्याचा दगड मधोमध थांबेल तो जिंकला. यित्का चेक टीमची कॅप्टन होती.

अशा परदेशी खेळाडूंना स्पर्धेपुरतं घरी ठेवून घ्यायची कॅल्गरीच्या क्लबात पद्धत आहे. कोण ठेवणार, असं विचारल्यावर सगळ्यात आधी हात नंदनचा वर गेला. तो सहा वर्षं दर गुरुवारी ऑफिसच्या टीमबरोबर कर्लिंग खेळत आला होता. त्यांची टीम लीगमध्ये शेवटून पहिली किंवा शेवटून दुसरी यायची. मात्र मॅचनंतर बसून मॅचबद्दल बोलायचं असतं, त्यात नंदनला तोड नव्हती. काल रात्री तिला वरणभात वाढता वाढता त्याने बर्फाचे प्रकार सांगितले, दगडाची चाल सांगितली, आणि स्वतःच्या ब्रशबद्दल तर इतकं सांगितलं की उल्काने टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला.

"काहीही लागलं तरी सांग," शेवटी तो म्हणाला होता. "मी आहे."

यित्काने मान डोलावली होती. मग तूप-मीठ-लिंबू घातलेला भात कालवताना तिने अगदी ट्रॅमची वेळ सांगावी तसं सांगितलं, की दोन मॅच हरून झाल्या आहेत. उद्याची तिसरी हरली तर स्पर्धेतून बाहेर. आणि बाहेर म्हणजे टीमच संपली, कारण बाकीच्या तिघींपैकी दोघी म्हणतात, आता पुरे. त्यांना घर आहे, मुलं आहेत. जिंकलो तर मात्र अख्खा मोसम खेळायचं असं ठरलंय.

हे ऐकून नंदनला रात्री नीट झोप लागली नव्हती. आपल्या घरात राहून कुणाची वीस वर्षांची कारकीर्द संपू नये, एवढंच त्याला वाटत होतं.

तर नंदन आंघोळ करून, रेशमी कुडता घालून खाली आला. दिवे लागले होते, उदबत्ती दरवळत होती, आणि पाटावर, लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी, यित्काचा कर्लिंगचा ब्रश विराजमान झाला होता. त्याच्या निळ्याशार डोक्यावर हळदीची पाच बोटं, कुंकवाची पाच बोटं, वर अक्षता, वर झेंडू. दांड्याला आनंदीबाईंनी लाल दोरा बांधला होता.

नंदन शेवटच्या पायरीवरूनच ओरडला.

"आई, हे काय?"

"केरसुणी."

"ही केरसुणी नाहीये! हा यित्काचा ब्रश आहे! मॅचचा!"

"तूच दाखवलं ना काल टीव्हीवर?" आनंदीबाई शांतपणे वाती सारख्या करत म्हणाल्या. "त्या पोरी बर्फ झाडत होत्या. जी झाडते ती केरसुणी. आपल्याकडं नव्हती, तं पाहुणी घेऊन आली. दारातच उभी होती, चपलांपाशी. याले योग म्हणतात."

"उल्का, तू तरी…"

"मी करंज्या तळत होते," उल्का म्हणाली. "येऊन बघते तर पूजा झालेली."

नंदनने ब्रश उचलायला हात पुढे केला. आनंदीबाईंनी त्या हातावर चापट मारली.

"उत्तरपूजा झाल्याशिवाय हलवायचं नाही. उद्या सकाळी."

"आई, आठ वाजता मॅच आहे!"

"मग आत्ता बसवली आणि आत्ताच उठवू? पाहुण्याले पाटावर बसवून, ताट वाढून, जा म्हणतो का आपण?"

तेवढ्यात मिल्टनहून प्रभामावशीचा व्हिडिओ कॉल आला आणि आनंदीबाई फोन घेऊन सोफ्यावर बसल्या. वॉनच्या गोदामाचा विषय निघाला, म्हणजे आता बराच वेळ गेला. नंदन पाटापाशी सरकला. कर्लिंगच्या ब्रशचं डोकं दांड्यापासून वेगळं होतं, हे त्याला माहीत होतं. आईचा नियम मोडायचा नाही आणि मॅचही चुकवायची नाही, तर मधला मार्ग एकच. दांडा पाटावर राहू दे, डोकं तेवढं धुऊन आणू. त्याने पटकन डोकं काढलं, झेंडू दांड्याच्या टोकावर ठेवला आणि तो लाँड्री रूममध्ये पसार झाला.

नळाखाली धरलं तर कुंकू बरंचसं गेलं. हळद हलेना. नंदनने कपड्यांचा साबण घेतला आणि खसाखसा चोळला.

हळद लालभडक झाली.

नंदन केमिकल इंजिनियर होता. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे त्याला नागपूरच्या कॉलेजात शिकवलं होतं, आणि त्यावर परीक्षेत प्रश्नही आला होता. पण अशा वेळी शिक्षण कामाला येईल तर शपथ! त्याने आणखी साबण लावला. पाच बोटांचे डाग वाढत वाढत तळहाताएवढे झाले. मग त्याने ब्लीच ओतलं. लाल थोडं कमी झालं, पण त्याबरोबर निळा रंगही गेला, आणि कापडावर गावातल्या जुन्या बसस्टँडच्या भिंतीसारखे पोपडे दिसायला लागले. आता निदान वाळवू तरी, म्हणून त्याने ते ड्रायरमध्ये टाकलं. ड्रायरमध्ये धडाधड आवाज होऊ लागला. थोड्या वेळाने आवाज बंद झाला, ही त्याला चांगली खूण वाटली. दार उघडलं तर कापड एकीकडे, आतला फोम दुसरीकडे, आणि दोघांचंही माप निम्म्यावर आलं होतं.

"काय केलंस हे?" दारात उल्का उभी होती.

"उल्का, मी तिचं करिअर संपवलं."

उल्काने ड्रायरमधून फोम बाहेर काढला. हसावं की रडावं, हे तिला ठरवता येईना.

"गराजमध्ये माझा ब्रश आहे," नंदन घाईघाईने म्हणाला. "त्याचं डोकं काढून हिच्या दांड्याला लावू. तोही निळाच आहे."

"आणि चालतं ते? मोठ्या मॅचला?"

"नाही चालत," नंदनने कबूल केलं. "त्या जातीची डोकी आता बाद केलीयत. अंपायरने तपासलं तर तिला काढून टाकतील."

"म्हणजे आता फक्त हरायची भीती आहे, मग बदनामी पण होईल." उल्काने तो फोम त्याच्या हातात ठेवला. "सरळ जाऊन सांग तिला. आत्ताच्या आत्ता."

तेवढ्यात बाहेरून आनंदीबाईंचा आवाज आला, आणि त्या आवाजाने मिल्टनमधल्या प्रभामावशीसुद्धा दचकली असेल.

"अरे नंदन! लक्ष्मीचं डोकं कुठंय?"

दोघं धावत बाहेर आले. आनंदीबाई पाटासमोर कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या, फोनमधून प्रभामावशी "काय झालं? काय झालं?" विचारत होती, आणि जिन्यावर, टीमचं जाकीट घालून, केस घट्ट बांधून, यित्का उभी होती. ती पाटाकडे पाहत होती.

नंदनने मग सगळं सांगून टाकलं. केरसुणी, वॉन, हळद, साबण, ब्लीच, ड्रायर. काहीच लपवलं नाही. उल्काने मध्ये मध्ये लक्ष्मी म्हणजे कोण, ते समजावलं. नंदनने शेवटी दोन्ही हात पुढे करून कापड आणि फोम दाखवला.

"आय ॲम सो सॉरी. तुझी आजची मॅच…"

यित्काने ते कापड दोन बोटांत धरून पाहिलं. मग ती हसायला लागली.

"नंदन, हे डोकं मी दर दोन मॅचला बदलते," ती तिच्या तुटक इंग्रजीत म्हणाली. "हे कालच संपलं होतं. कचऱ्यात टाकायचं राहिलं. माझ्या बॅगेत नव्यांचा डबा भरून आहे." तिने त्याच्याकडे जरा नवलाने पाहिलं. "तू बदलत नाहीस?"

नंदनने सहा वर्षांत आपल्या ब्रशचं डोकं एकदाही बदललं नव्हतं. ते असं बदलायचं असतं, हेच त्याला आज कळत होतं. उल्का पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली.

"आई, दांडा तेवढा दे आता," नंदन म्हणाला. "हरली तर हिची टीमच मोडणार आहे गं. पोरीचं सगळं त्याच्यावर आहे."

हे आनंदीबाईंना कुणी आधी सांगितलंच नव्हतं. त्यांचा चेहरा उतरला.

"मग आधी नाही बोलायचं? मी काय दुष्ट आहे का?" त्यांनी अक्षता हातात घेतल्या. "लक्ष्मीले सांगते मी, आज लवकर जा माय, कामावर जायचं आहे. घे बाई, तुझंच आहे."

पण यित्काने त्यांचा हात धरला. ती पाटासमोर खाली बसली. तिच्या दांड्याला लाल दोरा होता, टोकाला झेंडू होता, आणि समोर समई जळत होती. तिने झेंडूला हलकेच बोट लावलं.

"वीस वर्षं," ती म्हणाली. "आमच्याकडे लोकांना हॉकी माहीत आहे. मी कर्लिंग म्हटलं की हसतात. माझी आई म्हणते, झाडायची एवढी हौस असेल तर ये, आमचा जिना झाड. वीस वर्षं हा ब्रश विमानाच्या पोटात पडून फिरतोय. आजपर्यंत कुणी याला फूल नाही वाहिलं." तिने डोळे पुसले. "राहू दे. आज त्याला बसू दे."

"आणि तू खेळणार कशानं?" नंदनने विचारलं.

"तुझा आहे ना?" यित्का म्हणाली. "तूच म्हणालास, ए-वन ब्रश आहे. काही लागलं तर मी आहे, म्हणालास."

नंदनचा ब्रश गराजमध्ये बर्फाच्या फावड्यामागे होता. मागच्या मोसमात नंदन त्याच्यावर सपशेल आडवा पडला होता, तेव्हापासून दांड्याला मधोमध काळी चिकटपट्टी होती. आणि कर्लिंगमध्ये दगड सोडताना खेळाडू एका हाताने त्याच ब्रशवर तोल सावरतो.

"क्लबमधून दुसरा घेऊ ना आपण," तो चाचरत म्हणाला. "तिथे असतात. चांगले असतात."

"नो, नो. या घरातला हवा."

आता स्वतःच्या तोंडाने सांगितलेली कीर्ती कुठल्या तोंडाने मागे घ्यायची? त्याने ब्रश आणला. यित्काने त्याचं जुनं डोकं काढलं, नवं बसवलं आणि चिकटपट्टीवर अंगठा फिरवला. आनंदीबाईंनी तिला कुंकू लावलं, हातावर बत्तासा ठेवला आणि उल्काला म्हणाल्या, "हिले सांग, दिवेलागणीनंतर झाडायचं नसतं. लक्ष्मी निघून जाते घरातून."

"आई, अहो, तो खेळच झाडायचा आहे!"

"तू सांग तं खरी."

उल्काने सांगितलं. यित्काने गंभीरपणे ऐकून घेतलं.

मॅचला सगळेच गेले. आनंदीबाई पैठणीवर नंदनचा जाडजूड पार्का कोट चढवून, पायांत स्नोबूट घालून काचेमागे पहिल्या रांगेत बसल्या. समोरची टीम इथल्याच मॅनिटोबा प्रांताची होती. त्या मुली चालायच्या आधी दगड ढकलायला शिकल्या असाव्यात, अशा खेळत होत्या. नंदनचं दगडांकडे लक्षच नव्हतं. यित्का दगड सोडायला खाली वाकली की तो चिकटपट्टीकडे बघायचा आणि डोळे मिटायचा.

"मोडला?" तो विचारायचा.

"नाही," उल्का म्हणायची.

"पाहा कशा झाडतायत," आनंदीबाईंचं वेगळंच दुःख होतं. "घासून घासून! सणाच्या दिवशी, दिवे लागल्यावर! कशी राहील लक्ष्मी?"

आणि खरोखरच ती राहत नव्हती. चेक मुली पुढे जायच्या, मॅनिटोबाच्या बरोबरी करायच्या. शेवटी गुण सारखे झाले आणि एकच दगड उरला. तो यित्काचा. मॅनिटोबाचा एक दगड मधल्या ठिपक्याच्या अगदी कडेला बसला होता. त्याच्याही आत जाऊन थांबायचं होतं. थोडा कमी गेला तर हार, थोडा जास्त गेला तरी हार.

यित्का खाली वाकली. नंदनच्या ब्रशवर तिचा हात होता. चिकटपट्टी करकरली, तो आवाज काचेपलीकडे ऐकू येणं शक्य नव्हतं, पण नंदनला तो ऐकू आला. तिने दगड सोडला. दोन्ही मुली ब्रश घेऊन त्याच्या पुढे वाकल्या आणि घासायला सुरुवात करणार, एवढ्यात यित्का जोरात ओरडली. "ने! ने!" तिच्या भाषेत "नाही." मुलींनी ब्रश वर उचलले आणि त्या दगडाच्या दोन बाजूंनी नुसत्या चालत राहिल्या, गौरी आणाव्यात तशा हलक्या पावलांनी. दगड येत राहिला, हळू झाला, आणखी हळू झाला, आणि मधल्या ठिपक्यावर येऊन असा बसला की जणू त्याच्यासाठी तिथे पाट मांडला होता.

चेक मुली एकमेकींच्या गळ्यात पडल्या. उल्का रडत होती. नंदन बाकावर चढून ओरडत होता.

"पाहिलं?" आनंदीबाई पार्का सावरत म्हणाल्या. "नाही झाडलं, तं राहिली."

घरी येताना गाडीत नंदनने हळूच विचारलं, "यित्का, तो शेवटचा दगड तू घासू दिला नाहीस, ते का?"

"तुझी आई म्हणाली ना, दिव्यांनंतर नाही," यित्का म्हणाली. "म्हणून मी तो थोडा जोरात सोडला."

नंदनने आरशातून तिच्याकडे पाहिलं. ती थट्टा करतेय की खरं सांगतेय, हे तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तरपूजा झाली आणि आनंदीबाईंनी दांडा यित्कापुढे धरला. तिने घेतला नाही. तो इथेच राहू दे, म्हणाली आणि त्याला डब्यातलं एक नवं डोकं बसवून दिलं. तिला नंदनचाच हवा होता, चिकटपट्टीसकट. खेळाडूंचे असले हट्ट असतात. नंदनला तर आकाश ठेंगणं झालं. आपल्या ब्रशने एक चेक टीम वाचली, हे त्याने ऑफिसात दोन दिवस येईल-जाईल त्याला सांगितलं.

गुरुवार आला. नंदन मॅचला निघाला आणि त्याच्या लक्षात आलं की आपल्याकडे ब्रशच नाही. देव्हाऱ्याशेजारी यित्काचा उभा होता. त्याने हात पुढे केला.

"पूजेची लक्ष्मी बर्फावर घासतोस?" आनंदीबाई म्हणाल्या.

नंदन हात मागे घेऊन दारात थबकला. दारातच एक लांबोडकं खोकं पडलेलं होतं, दुपारी आलेलं. मिल्टन ते कॅल्गरी, व्हाया वॉन.

"आई, हिची तर पूजा नाही ना झाली?"

"हिची कशी होईल? ही आत्ता आली."

त्या संध्याकाळी ऑफिसच्या टीमने नंदनला बर्फावर उतरताना पाहिलं आणि सगळे गप्प झाले. त्याच्या हातात शिंदीची, लाल दोऱ्याने बांधलेली, पसरट केरसुणी होती. तिला दांडा नव्हता, त्यामुळे दगडाच्या पुढे तो कमरेत पार वाकून, अंगण झाडावं तसा झाडत गेला. दगड मात्र काय झालं कोण जाणे, सहा वर्षांत प्रथमच वर्तुळाच्या मधोमध जाऊन थांबला.

त्याच्या टीममधला देवेश जवळ आला. केरसुणीकडे त्याने खालून वरून पाहिलं.

"हे काय आहे रे?"

नंदनने कमरेवर हात ठेवून पाठ सरळ केली. चेहरा गंभीर ठेवला.

"लेटेस्ट आहे. चेक टीमची कॅप्टन माझ्या घरी होती, माहितीये ना?"

देवेशने मान डोलावली. मग आजूबाजूला कुणी ऐकत नाही, हे पाहून त्याने हळूच विचारलं, "कुठे मिळते?"

"मिल्टनला," नंदन म्हणाला. "पण वॉनमध्ये अडकते."